बाटली रिकामी धाडू नये

मॉस्को, ४ मार्च २०१२

थोरल्या जाऊबाईंना धाकट्या साल्किनचा सलाम.

फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही. मग तुमचा जोलदोश मध्ये उभा राहून "काकू असं म्हणते, आई तसं म्हणते" असा निरोप्या होतो. दोन जावांच्या बोलण्यात पुरुषमाणूस कशाला? म्हणून हे पत्र. बिश्केकला निघालेल्या एका ओळखीच्या बाईबरोबर देते आहे, तिथून कोचकोरच्या गाडीवाल्याकडे येईल.

सोबत एक बाटली आहे. आतल्या सोनेरी गोळ्या म्हणजे माशाचं तेल. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर. चावायची नाही, गिळायची. हृदयाला फार चांगली, असं इथे सगळ्या सांगतात. गेल्या हिवाळ्याआधी आरोग्यकेंद्रातल्या नुर्जामलने तुमचं रक्त काढून तालुक्याला पाठवलं होतं ना, त्याचा कागद तुमच्या सुनेने, चिनाराने, मला फोनवर वाचून दाखवला. कोलेस्टेरॉल वाढलेलं, ब्लडप्रेशर वाढलेलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आपल्या दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही छातीवर हात ठेवून गेले. आता तुमचं काही झालं तर मी त्या गावात परत कुणासाठी येऊ?

माझी मीरिम सकाळी सहाला दवाखान्यात ड्यूटीवर जाते, तिच्या पोराचं, बेकतुरचं सगळं माझ्याकडे. पण सप्टेंबरात तो शाळेत जायला लागला की माझं इथलं काम संपलं. मग मी परत. तोवर तुम्ही फाटकाशी उभ्या पाहिजेत, एवढंच मागणं आहे.

तुमची साल्किन


अक-बुलाक, २ एप्रिल

धाकटे,

बाटली पोचली. चिनाराने उघडली, मी वास घेतला, आणि बाहेर जाऊन चूळ भरली. आपल्या सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नाही, आणि म्हातारपणी माझ्या पोटात मासा! पण तू पाठवलंयस म्हटल्यावर विषही गिळेन. गिळते आहे.

आता तुझं एवढं लांबचं औषध आलंय म्हणून नुर्जामलच्या त्या पांढऱ्या गोळीला मी रजा दिली. एका म्हातारीच्या पोटात किती पाहुणे ठेवायचे?

गोळ्या चहाच्या डब्यात काढून घेतल्या आणि तुझी बाटली परत पाठवते आहे. झाकण उघड म्हणजे कळेल. कुरुत आहे, यंदाच्या पहिल्या दह्याचं. मीठ जरा जास्त झालंय, तुला आवडतं तसं. बाटलीचं तोंड अरुंद, म्हणून गोळे बोराएवढे वळले. चिनारा हसत होती, म्हणे, "सासूबाई, त्या बाटल्या तिथे लोक फेकून देतात." मी म्हटलं, "लोक फेकत असतील, साल्किन फेकणार नाही. तिला मी शिकवलंय."

आठवतंय का कसं शिकवलं ते? तू लग्न होऊन नुकतीच आलेली. मी वाटीभर साय दिली होती. तू ती वाटी राखेने घासून, लखलखीत करून, वर माझ्या हातात रिकामी आणून दिलीस! रिकामं भांडं परत करायचं म्हणजे तुमचं आमचं संपलं, हे तुला तुझ्या आईने सांगितलं नव्हतं. मी अंगण ओलांडून आले आणि असा आवाज लावला की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. तू रडलीस. मग मीच तुझ्या पिंपातलं मूठभर पीठ वाटीत घातलं आणि माझ्या घरी घेऊन गेले. लोक म्हणतात जावा जावा उभा दावा. आपला दावा त्या एका सकाळीच संपला. पुढे चाळीस वर्षं त्या अंगणात साधं कुंपण घालायचं आपल्याला सुचलं नाही.

तुझं दार मी रोज उघडते, वारा खेळायला. वास अजून तुझाच आहे.

कुलिपा


मॉस्को, ११ मे

जाऊबाई,

बाटली बेकतुरने आणून दिली. मी ती स्वयंपाकघरात उघडली नाही, जिन्यात जाऊन उघडली. एक कुरुत तोंडात टाकलं आणि पायरीवर बसून राहिले. ते विरघळेपर्यंत मी आपल्या अंगणात होते. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "आजी, बरं नाही का?" तिला काय सांगू? आता रोज एकच खाते, मीरिम कामावर गेली की. बाटली पलंगाखाली लपवून ठेवली आहे, चोरासारखी.

आज दोन बाटल्या पाठवते. एकीत तेच तेल, दुसरीत लसणाचा अर्क. शनिवारी आम्ही बायका बसतो तिथे एक जण सांगत होती की तिच्या आईचं कोलेस्टेरॉल या दोन्हींनी एवढं उतरलं की डॉक्टरांनी कागद दोनदा तपासला. तुमचंही उतरेल. जूनमध्ये पुन्हा रक्त द्या आणि कागद मला पाठवा, आकड्यांसकट. चिनाराला उतरवून काढायला सांगू नका, कागदच पाठवा. तुम्हाला मी ओळखते.

मीरिमची ड्यूटी बदलायचं चाललं आहे, त्यामुळे सप्टेंबरचं बघू कसं जमतं ते. पाय दुखतात का अजून? रात्री दम लागतो का? खरं लिहा.

साल्किन


अक-बुलाक, २४ जून

धाकटे,

कागद सोबत आहे. तू मागितलास म्हणून. नुर्जामल तो बघून माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

कारण सांगते. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी चिनाराच्या धाकटीच्या पायातला दोरा कापायचा समारंभ होता. पोरगी चालायला लागली, दोरा कापला, सगळी पोरं धावली, मोठं जेवण झालं. मेंढीच्या शेपटाकडची चरबी नेहमीप्रमाणे माझ्या ताटात आली. घरातल्या थोरल्या बाईचा मान. तो नाकारायचा म्हणजे यजमानाच्या तोंडावर ताट उपडं करायचं. पूर्वी तू शेजारी बसायचीस, अर्धी चरबी तुझ्या पोटात जायची, तोही मानच, वाटून घेतलेला. या वेळी शेजारी कुणी नव्हतं. अख्खी मी खाल्ली.

बाटल्या दोन्ही परत पाठवते. एकीत डोंगरावरचा सुवासिक पाला आहे, चहात टाकायचा. दुसरीत भाजलेले गहू.

सप्टेंबरचं बघू म्हणजे काय गं?

कुलिपा


मॉस्को, १५ जुलै

जाऊबाई,

तुमच्या कागदावरचे आकडे मला समजले नाहीत म्हणून मी तो मीरिमला दाखवला. तिने विचारलं, "औषध कोणतं चालू आहे?" मी तुमची पत्रं पुढे केली. पांढऱ्या गोळीला रजा दिली, हे वाचल्यावर पोरगी जी ओरडली माझ्यावर! "आई, तू हे एप्रिलमध्ये वाचलंस आणि गप्प बसलीस?"

खरंच वाचलं होतं, जाऊबाई. कुरुताच्या नादात ते वाक्य माझ्या डोळ्यांपुढून निघून गेलं.

आता नीट ऐका. मीरिम म्हणते, माशाच्या तेलाने रक्तातली एखादी चरबी कधी थोडी उतरते, कधी उतरत नाही. पण ब्लडप्रेशरच्या गोळीची जागा ते घेऊ शकत नाही. ती पांढरी गोळी आजपासून सुरू करा. आज म्हणजे आजच, हे पत्र खाली ठेवा आणि आधी नुर्जामलकडे जा. कुरुत बंद, निदान खारट तरी. चरबी बंद. मान गेला खड्ड्यात.

आणि आणखी एक. तीन बाटल्या गोळ्या पाठवल्या मी. सांगितल्याप्रमाणे घेतल्या असत्या तर पहिलीसुद्धा इतक्यात संपली नसती. मग बाटल्या रिकाम्या होऊन परत येतात कशा? दर वेळी चहाचा डबा? एवढे चहाचे डबे तुमच्या घरात नाहीत, मला ठाऊक आहे. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. माझ्या गोळ्या कुठे जातात?

रागावले आहे, तरी तुमचीच,
साल्किन


अक-बुलाक, ३० ऑगस्ट

धाकटे,

उशीर झाला. अक्षर वाकडंतिकडं आलंय ते हात अजून थरथरतो म्हणून. घाबरू नकोस, मरणारी बाई एवढं लांब पत्र लिहीत नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच्याच आठवड्यात मी पाण्याच्या नळाशी पडले. डोळ्यांपुढे काळोख आला, छातीवर कुणी घोडं उभं केल्यासारखं झालं. जोलदोश कुरणावर, मेंढरांबरोबर. चिनाराने शेजारच्याची गाडी थांबवली. तालुक्याच्या इस्पितळात ठेवलं मला. डॉक्टर म्हणाला, ब्लडप्रेशर एवढं होतं की आपण वाचलात हेच आश्चर्य. मी म्हटलं, मला कुणी फाटकाशी उभं राहायला सांगितलंय, मला मरायला परवानगी नाही. तो हसला नाही. तरुण आहे.

आता पांढरी गोळी घेते. चिनारा समोर बसून गिळायला लावते आणि तोंड उघडून बघते, मेंढीचं बघावं तसं.

आता तुझ्या गोळ्या. खरं ऐकायचंय ना, मग ऐक.

तुझी पहिली बाटली आली त्या दुपारी बात्मा बसली होती. दुरून आलेली वस्तू, माझ्या माणसाच्या हातची, ती मी एकटीने खाऊ? बरकत नसते तशाने. तिला एक दिली, एक मी घेतली. दुसऱ्या दिवशी ती सोनूनला घेऊन आली. मग शाळेमागची आंधळी तुर्दुबूबू आली, नातीचा हात धरून. सगळ्यांचंच हृदय म्हातारं, सगळ्यांच्याच घरी नवरा नाही. रोज दुपारी पाच-सहा जणी येतात. मी चहा करते. एकेकीच्या तळहातावर एकेक सोनेरी गोळी ठेवते. त्या बिस्मिल्ला म्हणून गिळतात आणि तोंड वाकडं करतात. मग आम्ही बसतो. सांगतात कुणाचा पोरगा कोरियात आहे, कुणाचा मॉस्कोत. कुणाला पत्र आलं, कुणाला नाही. गोळी संपली तरी कुणी उठत नाही.

खोटं कशाला बोलू, मला माझ्या हृदयाची फिकीर नव्हती. मला दुपारची फिकीर होती. तू गेल्यापासून दुपार संपत नाही. तुझ्या जागेवर, खिडकीजवळच्या गादीवर, रोज कुणीतरी वेगळी बसते. बसतात बिचाऱ्या. पण बात्मा खूप बोलते, सोनून रडते, तुर्दुबूबू पेंगते. तुझ्यासारखं गप्प बसून लोकर विंचरत मध्येच खुदकन हसायला एकीलाही येत नाही.

आता मी सगळं सांगितलं. तू पण सांग. "शनिवारी आम्ही बायका बसतो" हे तू दोन ओळींत उरकलंस. कुठे बसता? आणि सप्टेंबर उद्या-परवावर आलाय.

कुलिपा


मॉस्को, १९ सप्टेंबर

जाऊबाई,

तुमचं पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरते आहे. तुम्ही नळाशी पडलात तेव्हा मी इथे काय करत होते ते आठवायचा प्रयत्न करते आणि आठवत नाही. बहुतेक बेकतुरची मोज्यांची जोडी शोधत असेन.

तुम्ही विचारलंत, सांगते. बाजारामागे एक हॉल आहे. शनिवारी तिथे आपल्याकडच्या बायका जमतात. एक बाई पुढे उभी राहून या गोळ्यांचं सांगते, कुणाचं हृदय सुधारलं, कुणाची साखर उतरली. मी त्यातलं निम्मं ऐकत नाही. मला पहिल्यांदा एक भाजीवाली घेऊन गेली. दारात मला बघून एकीने जागा केली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "आपा, इकडे बसा, उबेला." तीन वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. इथे मी "आजी, सरका" आहे, नाहीतर बेकतुरची आजी. तिथे चहा दुधाचा असतो, मीठ घातलेला. कणकेचे तळलेले बोरसोक असतात, शिळे असले तरी. पण तिथे नुसतं बसता येत नाही, दर वेळी काहीतरी घ्यावं लागतं. म्हणून घेत गेले. तुम्हाला पाठवल्या त्या तीनच, बाकीच्या पलंगाखाली आहेत, तुमच्या कुरुताच्या शेजारी. मीरिमने परवा झाडताना खोकी ओढून काढली. माझ्याजवळ जमिनीवर बसली फक्त.

म्हणजे बघा, मी तुमच्या हृदयासाठी घेत होते हेही पूर्ण खरं नव्हे.

आता वाईट सांगते. बेकतुर शाळेत जाऊ लागला. पण शाळा साडेआठला आणि मीरिमची ड्यूटी सहाला, मधल्या वेळात त्याला कुणी नाही. तिने विचारलं, "आई, एवढं एक वर्ष?" माझ्या तोंडून "नाही" निघालं नाही. पोटची पोर आहे. पुढच्या उन्हाळ्यात नक्की येते, जाऊबाई. तुम्ही पांढरी गोळी सोडू नका.

या वेळी बाटलीत औषध नाही. तुमची बाटली आहे, पाल्याची. मीरिमच्या खिडकीत मी एक सूर्यफूल लावलं होतं, त्याच्या बिया आहेत, भाजलेल्या. मीठ घातलेलं नाही.

साल्किन


अक-बुलाक, १४ ऑक्टोबर

धाकटे,

बिया खाल्ल्या. एकटीने. या वेळी कुणाला एकही दिली नाही, बात्मा बघत राहिली. बरकत गेली तर गेली.

नुर्जामलने पुन्हा रक्त नेलं. ब्लडप्रेशर उतरलंय, कोलेस्टेरॉलही थोडं. नुर्जामल खूश आहे, म्हणते पांढऱ्या गोळीने आणि चरबी सोडल्याने. गेल्या आठवड्यात एका जेवणात मानाची चरबी पुढे आली तेव्हा मी ती हातात घेतली, कपाळाला लावली आणि सोनूनच्या ताटात ठेवली. गावभर चर्चा. तेव्हा रक्ताची काळजी करू नकोस, रक्त सुधारलं. बाकीचं आहे तिथेच आहे.

तुझ्या पुढच्या उन्हाळ्यावर मी रागावलेली नाही. पोटची पोर आहे, बरोबर आहे. पण मला आता वर्षाची भाषा परवडत नाही. इस्पितळात छतावर पाण्याचा एक डाग होता, आपल्या अंगणासारखा, दोन घरं आणि मध्ये मोकळं. त्याच्याकडे बघून एकच वाटत होतं, ती आली तर तिला दार उघडं मिळायला हवं, आणि दार उघडायला मी हवी. मला तू हवी आहेस. गोळ्या नकोत, पत्रं नकोत. तू समोर बसलेली हवी आहेस. चाळीस वर्षांत हे कधी सांगायची वेळ आली नाही, तू अंगणापलीकडेच होतीस.

बाटली परत पाठवते आहे. उघडून बघ. उलटी करून बघ.

राखेने घासली, कढत पाण्याने धुतली, उन्हात वाळवली. आत काही नाही.

चिनारा म्हणाली, "सासूबाई, काय करताय, निदान दोन दाणे टाका." मी म्हटलं, राहू दे. मला ठाऊक आहे याचा अर्थ काय होतो. साल्किनलाही ठाऊक आहे.

कुलिपा


मॉस्को, २ नोव्हेंबर

कुलिपा!

बाटली मिळाली. आधी वाटलं वाटेत कुणी खाल्लं. मग तुमचं पत्र वाचलं. बाटली उलटी केली, तळाशी बोट घातलं. काही नाही. एक काडीसुद्धा नाही.

लाज नाही वाटली? एवढी थोरली बाई, गावात जिचा मान, जिने मला साऱ्या अक-बुलाकसमोर रडवलं, ती मला रिकामं भांडं धाडते? तुमचं आमचं संपलं म्हणता? मला?

मी बाटली घेऊन मीरिमकडे गेले. तिला सायीच्या वाटीची गोष्ट सांगितली, लहानपणी तिने कधी ऐकली नव्हती. ती आधी हसली, मग रडली, मग माझ्यावर चिडली की हे आधी का नाही सांगितलंस. संध्याकाळी ती वरच्या मजल्यावरच्या मावशीकडे गेली. सकाळी सहा ते साडेआठ बेकतुर तिच्याकडे झोपेल. मावशी एकटीच असते, तीच म्हणाली, कुणीतरी आलं तर बरंच वाटेल. पलंगाखालची खोकी मी हॉलमध्ये परत नेऊन ठेवली आणि सगळ्यांना सांगून आले की मी घरी चालले. आपा म्हणणारीने मला मिठी मारली. तिलाही जायचं होतं, मला दिसलं ते.

शुक्रवारची गाडी आहे. हे पत्र माझ्या आधी पोचतं की मी त्याच्या आधी, ठाऊक नाही.

पांढरी गोळी वेळेवर घ्या, कारण मी तुमच्याशी भांडायला येते आहे आणि तुम्ही धडधाकट हव्यात. हे अंगण ओलांडायला चार दिवस लागतात. पण मी येईन आणि तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून फाटकापासूनच सुरू करेन. नदीपलीकडची कुत्री भुंकली पाहिजेत.

मग तुमच्या पिंपातलं मूठभर पीठ त्या बाटलीत घालेन आणि माझ्या घरी घेऊन जाईन. चिनाराला सांगा, तिकडची चूल पेटवून ठेव.

साल्किन